सामूहिक वनहक्काचा दावा: कोणती पायरी कधी, आणि फाइल परत कशामुळे येते

ग्रामसभेचा सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय समितीकडून (प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून) परत येतो, तेव्हा सोबतच्या पत्रात जंगलावरच्या वहिवाटीबद्दल सहसा शंका नसते. ‘गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) दिसून येत नाही’, ‘वन विभागास कळविल्याचा पुरावा नाही’, ‘अर्जातील व नकाशातील क्षेत्र जुळत नाही’, ‘लगतच्या गावाची हद्द समाविष्ट आहे’ अशी कारणे असतात. यातली जवळजवळ सगळी कारणे कामाचा क्रम चुकल्याने तयार होतात. हद्द फिरण्याआधी ठराव होतो, शेजारच्या गावाशी बोलण्याआधी नकाशा काढला जातो, आणि मग पुढची वर्षे पत्रव्यवहारात जातात. तोवर तेंदू आणि बांबूचा कारभार दुसऱ्यांच्याच हातात राहतो.

इथली माहिती महाराष्ट्रातल्या गावांसाठी आहे. आधार ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’ आणि त्याखालचे २००८ चे नियम यांचा आहे. या नियमांत ६ सप्टेंबर २०१२ रोजी मोठी दुरुस्ती झाली. गणपूर्ती दोन तृतीयांशवरून निम्म्यावर आली, वनहक्क समितीची रचना बदलली आणि नमुना ‘क’ नव्याने आला. म्हणून हाती असलेली पुस्तिका २०१२ पूर्वीची असेल, तर ती बाजूला ठेवा.

सुरुवात करण्याआधी: नेमका कोणता दावा?

नमुने तीन आहेत. नमुना ‘अ’ वैयक्तिक कसवणुकीच्या आणि राहत्या जागेसाठी. नमुना ‘ब’ सामूहिक वापराच्या हक्कांसाठी: निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातला इतर माल), चराई, मासेमारी, पाणवठे. नमुना ‘क’ सामूहिक वनसंसाधनासाठी, म्हणजे कलम ३(१)(झ) खाली गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याच्या हक्कासाठी. मराठी प्रतींत पोटकलमांची अक्षरे वेगवेगळी छापलेली आढळतात. त्यामुळे अर्जात आणि ठरावात कलमासोबत ‘संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क’ हे शब्दही पूर्ण लिहा.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. फक्त ‘ब’ भरला तर वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क मिळतो, पण जंगल कसे राखायचे आणि कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या अधिकारपत्रात येत नाही. फक्त ‘क’ भरला तर वापराच्या हक्कांची यादी कुठेच नोंदली जात नाही. दोन्ही नमुने एकाच हद्दीसाठी, एकाच नकाशावर, एकाच सभेत मंजूर करून सोबत दाखल करा.

आणखी एक गैरसमज: चार हेक्टरची मर्यादा सामूहिक दाव्याला नाही. ती वैयक्तिक कसवणुकीपुरती आहे. पारंपरिक हद्दीत जेवढे जंगल आहे तेवढे सगळे मागता येते. त्यात राखीव वन, संरक्षित वन, अवर्गीकृत वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान हे सगळे येते. वन विकास महामंडळाकडे दिलेले क्षेत्रही कायद्याच्या व्याख्येत वनजमीनच आहे. संयुक्त वनव्यवस्थापनासाठी गावाला जोडून दिलेला तुकडा म्हणजे तुमची हद्द, असे समजून तेवढाच दावा करू नका.

पायरी १: ग्रामसभा कोणाची हे पक्के करा

या कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गावातल्या सर्व प्रौढांची सभा; ग्रामपंचायतीची सभा आणि ही सभा एक समजू नका. गट ग्रामपंचायतीत चार पाडे असतील आणि जंगलाची वहिवाट प्रत्येक पाड्याची वेगळी असेल, तर चारही पाड्यांची मिळून पंचायतीच्या ठिकाणी घेतलेली सभा दोन्हीकडून अडचणीची ठरते. निम्मी माणसे तिथवर येत नाहीत, आणि हद्द कोणाची हा वाद फाइलमध्येच शिरतो. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यातल्या १३ जिल्ह्यांच्या ठरावीक भागात, महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) नियमांखाली पाडा किंवा वाडी स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. हे काम राहिले असेल तर ते आधी करा.

मग प्रौढांची यादी करा. मतदार यादी पाया म्हणून घ्या, पण तशीच वापरू नका. मयत आणि लग्न होऊन बाहेर गेलेली नावे वगळा. सून म्हणून आलेल्या आणि १८ पूर्ण झालेल्या, पण मतदार यादीत नाव नसलेल्यांची नावे घाला. ही यादी ग्रामसभेत वाचून मंजूर करा आणि इतिवृत्ताला जोडा. गणपूर्तीचा हिशेब याच यादीवर होणार आहे. यादी नसली की कार्यालय जुनी मतदार यादी उघडते, त्यात मयतांची नावे धरून आकडा फुगतो आणि पूर्ण भरलेली सभाही अपुरी ठरते.

*तपासा:* नमुना ‘क’ सोबत ग्रामसभेच्या सदस्यांची यादी जोडायची असते आणि प्रत्येकासमोर अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी हे लिहायचे असते. तो रकाना आत्ताच करून ठेवा. गावात मिश्र वस्ती आहे म्हणून दावा अडत नाही. अनुसूचित जमाती किंवा इतर पारंपरिक वननिवासी यांतले काही जण गावात असले तरी नमुना ‘क’ भरता येतो. इतर पारंपरिक वननिवासींना लागू असलेल्या ७५ वर्षांच्या वास्तव्याच्या अटीवरून प्रत्येक घराची कागदपत्रे मागितली जात असतील, तर नमुन्यातलीच ही टीप दाखवा.

पायरी २: वनहक्क समिती

दाव्यांची पडताळणी आणि नकाशाचे काम करणारी ही समिती ग्रामसभा निवडते. समिती १० ते १५ जणांची. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. गावात अनुसूचित जमाती नसतील तरी एक तृतीयांश स्त्रियांची अट कायम राहते. समिती आपला अध्यक्ष आणि सचिव निवडते आणि तसे उपविभागीय समितीला कळवते.

जुनी समिती असेल तर ती २०१२ च्या रचनेत बसते का ते मोजा. बसत नसेल तर पुनर्रचनेचा ठराव करा आणि कळवल्याची पोहोच घ्या. ग्रामसेवकाला समितीचा सचिव नेमण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ते टाळा. सचिव समितीच्या सदस्यांमधूनच निवडायचा असतो, आणि बदली झाली की दप्तरही जाते.

याच सभेत दावे मागवण्याचा ठराव घ्या. दावे मागवल्यापासून तीन महिन्यांत ते यावेत असा नियम आहे, पण ग्रामसभा कारण नोंदवून मुदत वाढवू शकते. ‘दाव्यांची शेवटची तारीख संपली’ असे सांगून कोणतेही कार्यालय सामूहिक दावा नाकारू शकत नाही. मुदत वाढवणे हा ग्रामसभेचा अधिकार आहे.

पायरी ३: कागद जमवा, पण वाट पाहत बसू नका

नियम किमान दोन पुरावे मागतो. प्रत्यक्षात चार-पाच प्रकारचे जोडा, कारण एखाद्यावर शंका आली तरी दावा उभा राहतो. सामूहिक वनसंसाधनासाठीचे पुरावे नियम १३(२) मध्ये आहेत आणि त्यातले बरेचसे कागद नसून जंगलातल्या जागा आहेत: चराईची ठिकाणे, कंदमुळे आणि रानफळे आणण्याच्या जागा, वैदूंची औषधी वनस्पतींची ठिकाणे, पाणवठे, मासे धरण्याचे डोह, देवराया, स्मशान, जुन्या वस्तीचे अवशेष.

सरकारी कागदांत हे मागा:

— वन विभागाकडून: कक्षनिहाय नकाशा (कक्ष म्हणजे वन विभागाने पाडलेला जंगलाचा क्रमांकित भाग), कार्य आयोजनेतला (वन विभागाच्या व्यवस्थापन आराखड्यातला) तुमच्या कक्षांचा भाग, राखीव वनाची अधिसूचना आणि त्याआधीचे वर्गीकरण.

— तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून: गाव नकाशा, अधिकार अभिलेख. विदर्भातल्या जुन्या मध्य प्रांताच्या भागात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या चालीरीती व हक्कांची जुनी नोंद). निस्तार पत्रकात कोणत्या जंगलातून कोणते गाव काय आणत होते हे स्पष्ट लिहिलेले सापडते. त्यासारखा भक्कम कागद दुसरा नाही.

— गॅझेटिअर आणि जनगणना पुस्तिकेतला गावाचा उल्लेख.

अर्ज ग्रामसभेच्या किंवा वनहक्क समितीच्या नावाने, नियम १२(४) चा उल्लेख करून करा. अशी लेखी मागणी आल्यावर साक्षांकित प्रत देणे हे त्या कार्यालयाचे कर्तव्य आहे. महिनाभरात काही आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही.

वडीलधाऱ्यांच्या जबाबाबद्दल एक बारकावा हमखास सुटतो. नियमात ‘दावेदाराखेरीज इतर वयोवृद्धांचे’ जबाब असे म्हटले आहे. सामूहिक दाव्यात तर सगळे गावच दावेदार. तेव्हा शेजारच्या गावातल्या दोन-तीन वृद्धांचे लेखी जबाब घ्या: ‘अमुक नाल्यापलीकडचे जंगल त्या गावचे, आम्ही तिकडे विचारून जातो’ अशा स्वरूपाचे, तारीख आणि साक्षीदारांसह. आपल्या गावातल्या वृद्धांची माहिती हद्द फेरीच्या पंचनाम्यात येऊ द्या.

*सावधान:* एखादा विशिष्ट कागद नाही म्हणून दावा थांबवू नका. समित्यांना ठरावीक कागदाचाच आग्रह धरता येत नाही. उपग्रह चित्र पूरक म्हणून चालते, पण इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. मूळ कागद कुठेही देऊ नका.

पायरी ४: शेजारच्या गावांशी आधी बोला

नकाशा काढण्याआधी, नंतर नाही. हद्दनिश्चितीची तारीख ठरली की ग्रामसभेने लगतच्या ग्रामसभांना आणि उपविभागीय समितीला लेखी कळवायचे असते. पत्रात ठिकाण, तारीख, वेळ आणि कोणत्या बाजूची हद्द त्या दिवशी फिरणार हे लिहा.

शेजारच्या वनहक्क समितीसोबत एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर आणा: सामाईक शीव कुठून कुठे जाते, शिवेपलीकडे कोणाची कोणती वहिवाट आहे (गुरे पाण्यावर जाणे, मोह वेचणे), आणि दोन्ही गावे वापरतात असा पट्टा असेल तर त्याचे काय करायचे. अशा पट्ट्यावर दोन्ही ग्रामसभांनी एकाच मजकुराचे ठराव करून संयुक्त दावा ठेवता येतो. नमुना ‘क’ मध्ये लगतच्या गावांची माहिती आणि वाटून घेतलेल्या वापराची माहिती विचारलेलीच आहे. तो रकाना ‘निरंक’ लिहून सोडणे म्हणजे पुढच्या आक्षेपाला आमंत्रण.

समझोता झालाच नाही तर? दोन्ही समित्या आपापला निष्कर्ष आपल्या ग्रामसभेला लेखी देतात. ग्रामसभांमध्येही तोडगा निघाला नाही तर तेवढा वाद उपविभागीय समितीकडे जातो. बाकीच्या, वाद नसलेल्या हद्दीचे काम त्यासाठी थांबवू नका.

मेंढपाळ किंवा भटक्या समूहांचा हंगामी वावर तुमच्या जंगलात असेल, तर त्यांनाही कळवा. त्यांचा वापरही या कायद्यात हक्क म्हणूनच आहे आणि नंतर आलेला आक्षेप जास्त वेळ खातो.

पायरी ५: हद्द फेरी

पाऊस संपल्यानंतर, उन्हाळा तापण्याआधी. पावसात नाले ओलांडता येत नाहीत, आणि मार्चपासून मोह, मग तेंदू सुरू झाला की माणसे मिळत नाहीत. गावचे जंगल मोठे असेल तर एका दिवसात होत नाही. बाजू वाटून घ्या.

फेरीत कोण हवे: हद्द माहीत असलेले तीन-चार वृद्ध, गुरे चारणारे, सरपण आणि वनोपज आणणाऱ्या स्त्रिया, समितीचे सदस्य, शेजारच्या गावचे दोघे. स्त्रियांना फेरीतून वगळले की पाणवठे आणि कंद-भाजीच्या जागा नकाशावर येतच नाहीत, आणि त्याच जागा नियम १३(२) चे पुरावे आहेत.

जीपीएस यंत्र असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलवरचे साधे अ‍ॅप चालते. फेरी सुरू करण्याआधी सर्व उपकरणांवर अक्षांश-रेखांशाची पद्धत एकच ठेवा, दशांश अंशांची. एकाने अंश-मिनिटे-सेकंदात आणि दुसऱ्याने दशांशात नोंद केली की नकाशा वेडावाकडा येतो आणि चूक घरी गेल्यावरच कळते. बिंदू घेताना एका जागी थांबा. अचूकता दहा मीटरच्या आत येईपर्यंत नोंद करू नका. दाट झाडीत आणि दरीत यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. घाई करणाऱ्यांचे बिंदू नेमके तिथेच घसरतात.

प्रत्येक वळणावर बिंदू घ्या, सरळ हद्दीवर दर शंभर-दीडशे मीटरला एक. आणि प्रत्येक बिंदू वहीत लिहा. नोंद अशी हवी:

‘बिंदू १७. दोन नाल्यांचा संगम, उत्तरेचा काठ. डाव्या हाताला शेजारच्या गावाची शीव. काठावर मोठा अर्जुन, खाली दगडांची रास. वेळ १०.४०, अचूकता ५ मी. फोटो १७-अ, १७-ब. ओळख सांगणारे: समितीचे दोन सदस्य, शेजारच्या गावचे एक (सह्या).’

नुसते आकडे पुढे कोणालाही जागेवर नेऊ शकत नाहीत. नियमही ‘ओळखता येतील अशा खुणा’ दाखवणारा नकाशा मागतो. खूण म्हणून शक्यतो नाला, टेकडीचा माथा, खडक, जुने देवस्थान घ्या. एकट्या झाडावर भिस्त ठेवू नका, ते पडते. हद्दीच्या आतल्या पाणवठे, देवराई, चराई यांच्या जागांचे बिंदूही वेगळ्या यादीत घ्या.

*तपासा:* शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूला येऊन मिळतो का? मधे खातेदारांच्या सातबाऱ्यावरची जमीन अडकली आहे का? असल्यास ती वगळून दाखवा. आत कोणाचे वैयक्तिक वनहक्क पट्टे किंवा प्रलंबित दावे असतील तर त्यांची यादी जोडा आणि ‘या वैयक्तिक हक्कांना बाधा न येता’ असे लिहा. पट्टेधारक ठरावाच्या दिवशी विरोधात उभे राहतात ते बहुधा हे वाक्य नसल्याने.

पायरी ६: नकाशा आणि क्षेत्र जुळवणे

इथे वेळ द्या. आक्षेपांची खरी खाण हीच आहे.

पारंपरिक हद्द कक्षाच्या रेषेवरून जात नाही. ती कक्ष मधूनच कापते. म्हणून अर्जात नुसते ‘कक्ष क्र. ४१, ४२, ४३’ लिहिले तर कार्यालय तिन्ही कक्षांचे पूर्ण क्षेत्र धरते आणि तुमच्या नकाशातल्या आकड्याशी ते जुळत नाही. तक्ता करा: कक्ष क्रमांक, पूर्ण की भाग, दाव्यातले हेक्टर, वनाचा प्रकार. महसुली वन, झुडपी जंगल असेल तर कक्षाऐवजी गट किंवा सर्वे क्रमांक. खाली बेरीज. ही बेरीज, नमुना ‘ब’, नमुना ‘क’, नकाशा आणि ठराव या पाचही ठिकाणी हेक्टरचा आकडा दशांशासह एकच हवा.

कक्ष क्रमांक माहीत नसतील तर? नमुन्यात ते ‘असल्यास व माहीत असल्यास’ असे मागितले आहेत. ते नसणे हा दावा नाकारण्याचा आधार होत नाही. पण मिळत असतील तर जरूर घाला.

नकाशावर उत्तर दिशा, प्रमाण, बिंदू क्रमांक, चतुःसीमा, खुणांची सूची, तारीख आणि समितीच्या सह्या हव्यात. जाणकारांकडून संगणकावर काढून घेतलेला असला तरी हाताने काढलेला गावाचा नकाशाही जोडा. जागांची स्थानिक नावे त्यातच येतात.

पायरी ७: अधिकाऱ्यांना कळवून पडताळणी

पडताळणीची सूचना वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, प्रत उपवनसंरक्षक, तहसीलदार आणि उपविभागीय समितीला. किमान पंधरा दिवस आधी द्या आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का, सही, तारीख असलेली पोहोच घ्या. वनरक्षकाला तोंडी सांगणे, फोन करणे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे याला पुरावा समजू नका. पोहोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती फाइलला लावा.

सूचना मिळाल्यावर वन आणि महसूल अधिकाऱ्यांनी हजर राहून पदनाम आणि तारखेसह सही करायची असते. मतभेद असेल तर तोही तिथेच लिहायचा असतो. त्यांचा विरोधी शेरा आला म्हणून पंचनामा फाडू नका किंवा पुन्हा लिहू नका. शेरा राहू द्या, खाली समितीचे उत्तर लिहा.

कोणीच आले नाही तर ठरलेल्या दिवशीच पडताळणी पूर्ण करा. पंचनाम्यात लिहा: ‘दि. … रोजी पोहोच क्र. … अन्वये कळवूनही प्रतिनिधी उपस्थित राहिले नाहीत.’ गैरहजेरीचे कारण सांगून वन विभागाने नंतर आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. त्या वेळीही ते आले नाहीत तर पडताळणीवरचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम राहतो. हा नियम तुमच्या बाजूचा आहे, पण पोहोच हरवली की निरुपयोगी.

पायरी ८: ठरावाची सभा

आता, आणि आत्ताच, ठराव. पडताळणीच्या अहवालाआधीची तारीख असलेला ठराव म्हणजे फाइल परत.

गणपूर्तीच्या अटी तीन: ग्रामसभेच्या सर्व सदस्यांपैकी किमान निम्मे हजर, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया, आणि दाव्यांवर ठराव असल्याने दावेदारांपैकी किमान निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी. समजा यादीत ३१२ प्रौढ आहेत. किमान १५६ हवेत. हजर १७० असतील तर त्यात ५७ स्त्रिया हव्यात. हा हिशेब इतिवृत्ताच्या पहिल्याच परिच्छेदात आकड्यांनी लिहा, वाचणाऱ्याला सह्या मोजायला लावू नका. त्याच सभेत वैयक्तिक दावे घेणार असाल, तर त्या दावेदारांची हजेरी वेगळी दाखवा.

ग्रामपंचायत कायद्याखालच्या सभेची गणपूर्ती आणि तहकुबीचे नियम इथे लावू नका. माणसे कमी भरली तर सभा पुढची तारीख ठरवून संपवा आणि पुन्हा पूर्ण गणपूर्तीने घ्या. रोवणीच्या आणि तेंदू हंगामाच्या दिवसांत सभा ठेवूच नका.

सह्या सभेतच घ्या. घरोघरी वही फिरवून नंतर घेतलेल्या सह्या चौकशीत उघड्या पडतात आणि खऱ्या सभेवरही संशय येतो. अंगठ्यासमोर नाव लिहा.

ठरावाचा मजकूर साधारण असा ठेवा:

‘वनहक्क समितीने दि. … रोजीच्या पडताळणीचा अहवाल, नकाशा व पुरावे सभेत वाचून दाखविले. लगतच्या … या ग्रामसभांशी झालेले लेखी समझोते वाचण्यात आले. सोबतच्या नकाशात बिंदू १ ते … ने दर्शविलेले … हेक्टर क्षेत्र हे आमचे पारंपरिक सामूहिक वनसंसाधन आहे. त्यावरील संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापनाचा हक्क (नमुना क) तसेच नमुना ब मध्ये नमूद सामूहिक हक्क यांचा दावा ही ग्रामसभा मंजूर करीत असून तो मान्यतेसाठी उपविभागीय समितीकडे पाठवीत आहे. हजर …, पैकी स्त्रिया …. बाजूने …, विरोधात ….’

साधे बहुमत पुरते. विरोधी मते असतील तर आकडा लिहा. ‘सर्वानुमते’ असे खोटे लिहिले आणि विरोध करणाऱ्याने साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज केला, तर सबंध इतिवृत्ताची विश्वासार्हता जाते.

पायरी ९: फाइल लावणे आणि दाखल करणे

तीन संच करा: एक दाखल करायला, दोन गावात वेगवेगळ्या घरी. क्रम: अनुक्रमणिका, ठराव व हजेरी, नमुना ‘क’, नमुना ‘ब’, सदस्यांची यादी, नकाशे व क्षेत्राचा तक्ता, बिंदूंची वही, पुरावे, शेजारच्या गावांचे कागद, सूचना व पोहोच, पंचनामा. प्रत्येक पानावर क्रमांक घाला. पहिल्या पानावर एकूण पाने लिहून त्याखालीच पोहोच घ्या. मग ‘ते पान नव्हतेच’ असे होत नाही.

दावा उपविभागीय समितीकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात जातो. ग्रामपंचायत, वनपरिक्षेत्र किंवा तालुक्याच्या पातळीवरच्या कोणत्याही समितीला किंवा एकट्या अधिकाऱ्याला दावा स्वीकारण्याचा, बदलण्याचा वा नाकारण्याचा अधिकार नाही. ‘आमच्याकडे द्या, आम्ही पुढे पाठवतो’ म्हणणाऱ्याकडे फाइल ठेवू नका. दाव्याला शुल्क नाही आणि नमुने मोफत मिळायला हवेत.

पायरी १०: दोन समित्यांपुढे

उपविभागीय समिती तपासून जिल्हा समितीकडे पाठवते, अंतिम निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीचा. दर महिन्याला लेखी स्थिती विचारा.

काही अपुरे वाटले तर समितीने दावा फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. केवळ तांत्रिक किंवा प्रक्रियेच्या कारणावर नकार देता येत नाही, आणि बदल वा नकार असेल तर सविस्तर कारणे लेखी द्यावी लागतात. क्षेत्र कमी करणे हाही ‘बदल’च आहे. १,२०० हेक्टर मागितले आणि ३०० मंजूर झाले, तर ते मुकाट्याने घेऊ नका, कारणे मागा.

उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांत अर्ज करता येतो. समिती आणखी तीस दिवस वाढवू शकते. हे दिवस निर्णय हाती पडल्याची तारीख धरून मोजता यावेत म्हणून लिफाफासुद्धा जपून ठेवा. जिल्हा समितीचा निर्णय कायद्याने अंतिम आहे, मात्र महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली आहे. त्या अपिलाला मुदत आहे, तेव्हा निर्णय आल्याच्या आठवड्यातच ग्रामसभा बोलवा. अनुसूचित क्षेत्राबाहेर उच्च न्यायालयाचा मार्ग राहतो.

दावा प्रलंबित असताना वनजमिनीवरून कोणाला हटवायला आले, तर कलम ४(५) लेखी दाखवा: मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत निष्कासन करता येत नाही.

अधिकारपत्र हातात आले की, सही करण्याआधी

समारंभात घाईने स्वीकारलेल्या अधिकारपत्रातल्या चुका नंतर काढायला वर्षे लागतात. आधी प्रत मागून वाचा. सामूहिक वनसंसाधनाचे अधिकारपत्र नियमांच्या जोडपत्र चार मध्ये असते, सामूहिक हक्कांचे जोडपत्र तीन मध्ये. दोन्ही वेगळी मिळाली का? हेक्टर, कक्ष, ‘भाग’ हा शब्द, चतुःसीमा दाव्याशी जुळतात का? उपवनसंरक्षक, आदिवासी विकास विभागाचा अधिकारी आणि जिल्हाधिकारी अशा तिघांच्या सह्या आहेत का? हक्कधारक म्हणून ग्रामसभेचे नाव आहे की ग्रामपंचायतीचे किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समितीचे? आणि ‘वन विभागाच्या परवानगीने’, ‘कार्य आयोजनेस अधीन राहून’ अशी एखादी अट घुसली आहे का? कायद्यात नसलेल्या अटीवर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या आणि दुरुस्ती मागा.

मग तीन कामे लगेच. अंतिम नकाशा आणि महसूल-वन अभिलेखातली नोंद तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी. अर्ज देऊन पाठपुरावा करा. नियम ४(१)(ङ) खालची व्यवस्थापन समिती ग्रामसभेत निवडा. ती वनहक्क समितीपेक्षा वेगळी आहे आणि जंगलाचा आराखडा तीच करते, ग्रामसभेच्या देखरेखीखाली. ग्रामसभेच्या नावाने बँक खाते आणि पॅन काढा, नाहीतर पहिल्याच तेंदू हंगामाचे पैसे कोणाच्या तरी खासगी खात्यातून फिरतात.

गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना हीच समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, आणि बांबू व तेंदू दोन्ही कायद्याने गौण वनोपज आहेत. वाहतूक परवान्यांचे पुस्तक छापताना अनुक्रमांक, स्थळप्रत, वाहन क्रमांक, माल, वजन किंवा नग, कुठून कुठे आणि मुदत एवढे रकाने ठेवा. नमुना सही आणि शिक्क्याचा ठसा उपवनसंरक्षक कार्यालयाला आधी पाठवून पोहोच घ्या आणि तिची एक प्रत प्रत्येक गाडीसोबत द्या. गाडी नाक्यावर अडली तर चालकाला तीच दाखवता येते.